फॉर्म सातशे

मे महिन्यात गोंदूरच्या धावपट्टीवर
सहाच्या आत पोचावं लागतं.
नंतर काळी जमीन तापते आणि खालून ढुशा देते,
कासेला भिडलेल्या रेडकासारखी.

वाटेत दूधवाला रोज विचारतो,
"कथा चालनात, आबा?"
"आभायमा," मी म्हणतो.
तो हसतो. रोज.

एकवीस वर्षं हवाई दलात होतो
आणि उडलो नाही.
म्हणजे नेलं त्यांनी मालवाहू विमानाच्या पोटात,
गुडघ्यांत हत्यारांची पेटी धरून.
त्याला उडणं म्हणायचं तर
दोंडाईच्याची मिरचीही
गोणीत बसून दिल्ली बघते.

मी फिटर. एअरफ्रेम.
विमानं सकाळी जायची, परत यायची,
पोटाखाली तेलाचे ओघळ घेऊन.
नुसता हात लावून सांगायचो,
आज कुणी जास्त ताणलंय.
शिडी चढण्याआधी वैमानिक
फॉर्म सातशेवर माझी सही बघायचे.
बघायचे म्हणजे, बघायचे नाहीत.
तिच्याखाली आपली ठोकायचे आणि निघायचे.

लहानपणी न्याहळोदला आखाजीचे झोके निंबाला.
माहेरी आलेल्या पोरी पदर दातात धरून
असा झोका घ्यायच्या
की पाय पार फांदीच्या वर.
मला म्हणायच्या, "तू दोर धर."
माझी पहिली नोकरी ती.

एका गुरुवारी चार गेली.
तीन उतरली.
मी चौथ्याच्या जागेवर शिडी घेऊन उभा,
अंधार पडेपर्यंत.
कुणी हटकलं नाही.
चौकशीत निघालं, पक्षी. इंजिनात.
एअरफ्रेमचा दोष नाही, असा कागद मिळाला मला.
तो कोकिळाला कधी दाखवला नाही.
रात्री मात्र स्प्लिट पिना मोजत राहिलो,
डाव्या पंखाच्या, उजव्या पंखाच्या.
एकही कमी नव्हती.
हे कुणाला सांगायचं?

बासष्टाव्या वर्षी डॉक्टरने
डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं.
दिल्लीचे कागद यायला चौदा महिने.
फंडातले पैसे गेले, ते किती, ते राहू दे.
शिकवणारा पोरगा माझ्या धाकट्यापेक्षा लहान.
"काका, दांडी जरा सैल धरा,
पान्हा नाही तो."

तीन चाकं, कापडाचा पंख, पाठीशी इंजिन.
मुश्ताकने सांगाडा वेल्ड करताना विचारलेलं,
"आबा, ह्याला नांगर जोडता येईल का?"

आता उजाडताना एकेक पिन बोटाने चाचपतो.
मग शंभर पानी वहीत रेघा मारून
फॉर्म भरतो, आठवतो तसा.
फिटर : निकुंभ रा. दे.
मग चष्मा पुसून
वैमानिक म्हणून ती सही वाचतो.
नीट वाचतो. वेळ घेऊन.
आणि तिच्याखाली पुन्हा तीच करतो.

सहाशे फुटांवर पांझरा म्हणजे
वाळूत विसरलेली एक ओली नाडी.
लळिंगचा किल्ला पाठ करून बसलेला.
घार आली की मी वळतो.
रस्ता तिचा आहे, हे एक.
दुसरं कारण ती ओळखत असावी.

मग आमची गच्ची.
धुतल्या लुगड्यावर बिबडे,
शर्टाच्या बटणांएवढे.
त्यांच्यामध्ये एक डोकं, पांढरं.
ते वर बघत नाही.
हातातली काठी तेवढी हलते,
एकदा, दोनदा,
मी पलीकडे जाईपर्यंत.

उतरलो. इंजिन बंद.
नळीला हात लावला, कोमट होती.
वहीत लिहिलं :
गेली एक. आली एक.

घरी चपला काढतोय तोवर कोकिळा म्हणाली,
"कावळे हाकलत होते मी."

मी काही विचारलंच नव्हतं.